तृतीयेचे बळी

मराठीच्या प्राध्यापकाने वर्तमानपत्रातले विज्ञान-तंत्रज्ञानाचे पान न वाचता उलटावे, ही आपल्या विभागांमध्ये एक प्रकारची सभ्यता समजली जाते. व्हिडिओ गेमचा विषय निघाला की ‘आमच्या चिरंजीवांना विचारा’ असे म्हणून हसायचे, कृत्रिम बुद्धिमत्तेचा निघाला की ‘यंत्राला संवेदना कुठून येणार?’ हे ठेवणीतले वाक्य काढून चहा मागवायचा, आणि कणभौतिकीचा निघालाच तर थेट उपनिषदांकडे वळायचे. ह्या सभ्यतेला आमचा विरोध आहे. ते पान विज्ञानाचे आहे असे समजून आपण ते सोडून देतो. प्रत्यक्षात ते व्याकरणाचे पान आहे. त्यावर जे चमत्कार रोज घडतात त्यांतले बरेचसे एका प्रत्ययाच्या बळावर घडतात, आणि तो प्रत्यय शिकवण्याचा पगार आपण घेतो.

तो प्रत्यय म्हणजे ‘ने’.

तृतीया विभक्ती आपण सर्वांनी शाळेत घोकलेली आहे. घोकताना सहसा कोणी थांबून सांगत नाही ते हे की हा एकच ‘ने’ दोन अगदी निराळ्या नोकऱ्या करतो. ‘सुमनने आंबा कापला’ ह्यात तो कर्ता दाखवतो. ‘सुरीने आंबा कापला’ ह्यात तो करण दाखवतो, म्हणजे साधन. दोन्ही वाक्यांत क्रियापद बिचारे आंब्यापुढे वाकते. कापणाऱ्याकडे ते बघतही नाही. शिवाय मराठीत कर्ता गाळण्याची पूर्ण मुभा आहे, त्यामुळे ‘सुरीने आंबा कापला’ हे वाक्य कोणालाच अपुरे वाटत नाही. कापणारी व्यक्ती स्वयंपाकघरात कुठेतरी असणार, हे ऐकणारा मनातल्या मनात भरून घेतो. मोरो केशव दामले ह्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे विभक्ती आणि कारक ह्यांचा गोंधळ मराठीत निदान शंभर वर्षे तरी गंभीरपणे चर्चिला जात आहे. (दामले हे केशवसुतांचे धाकटे बंधू. एका घरात एक कवी आणि एक वैयाकरण, आपला एम. ए.चा अभ्यासक्रम म्हणजे हेच घर, फक्त दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.)

आता ‘यंत्राने कविता लिहिली’ हे वाक्य घ्या आणि त्याच्या शेजारी ‘पेनने कविता लिहिली’ हे ठेवा. प्रत्यय तोच, काळ तोच, क्रियापदाचे रूप तेच. दुसऱ्या वाक्यात लिहिणारी व्यक्ती आपण न सांगता भरून घेतो. पहिल्यात भरत नाही. का भरत नाही ह्याचे उत्तर वाक्यात कुठेही नाही. ते आपल्या उत्सुकतेत आहे, आणि मथळे लिहिणाऱ्याला ही उत्सुकता पक्की ठाऊक असते.

आम्ही वर्गात ह्यावर एक ओबडधोबड कसोटी वापरतो. भूतकाळी वाक्य वर्तमानकाळात न्यायचे, म्हणजे ‘ने’ गळून पडतो आणि उरलेल्याला कर्तेपणाचा झगा स्वतःच्या अंगावर चढवून दाखवावा लागतो. ‘पेन कविता लिहिते’ म्हटले की वर्ग हसतो. हसला की तिथे करण होते, असे समजावे. कसोटी अचूक नाही हे मान्य. ‘ही सुरी छान कापते’ असे आपण म्हणतोच. पण म्हणून सुरीला आंबा खायला बोलावत नाही. यंत्र खरोखर कर्ता होऊ शकते की नाही, ह्या तात्त्विक वादात आम्हाला इथे पडायचे नाही. तो वाद मोठा आहे आणि आमच्यापेक्षा जाणते लोक तो घालत आहेत. आमची तक्रार एवढीच की मथळा हा वाद एका अक्षरात मिटवून टाकतो, आणि मिटवला असे सांगतही नाही.

उदाहरणांकडे वळण्याआधी एक खुलासा. पुढचे मथळे आम्ही धाटणी दाखवण्यासाठी रचले आहेत, ते कोणत्याही एका वृत्तपत्रातून उचललेले नाहीत. वाचकाला ते ओळखीचे वाटतील ह्याबद्दल मात्र आम्ही निर्धास्त आहोत.

‘संगणकाने मानवाला हरवले.’ १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या ‘डीप ब्लू’विरुद्ध साडेतीन-अडीच असा सामना हरला, तेव्हापासून हे वाक्य मराठीत मुक्कामाला आहे. त्या यंत्रामागे फेंग-श्युंग श्यू, मरे कॅम्पबेल, जोसेफ होन ही मंडळी होती, सुरुवातीच्या चालींची तयारी करून घ्यायला जोएल बेंजामिन हा ग्रँडमास्टर होता, आणि दोन डावांच्या मधल्या वेळात यंत्राच्या आज्ञावलीत फेरफार करण्याची त्यांना मुभा होती. म्हणजे एका माणसाला अनेक माणसांनी मिळून, एका बलाढ्य कंपनीच्या पैशाने (इथे तृतीया निखळ करण आहे) हरवले. पुढे मार्च २०१६ मध्ये सोल शहरात ‘अल्फागो’ने ली सेडोलला ४-१ असे नमवले. त्या सामन्याची छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना लीच्या समोर एक गृहस्थ गंभीर चेहऱ्याने बसलेले आठवतील. ते आजा ह्वांग. यंत्र पडद्यावर सांगेल तिथे पटावर खडा ठेवायचा, हे त्यांचे त्या दिवसांतले काम. एरवी ते अल्फागोच्या मुख्य रचनाकारांपैकी एक. एक माणूस खडे ठेवतो आहे, त्याच्याच मेहनतीतून ते यंत्र उभे राहिले आहे, तो छायाचित्रात ठसठशीत दिसतो आहे, आणि मथळ्यात त्याला जागा नाही. कर्ता गाळण्याची मुभा म्हणतात ती हीच.

ह्याहून गमतीची गोष्ट २०१७ ची. फेसबुकच्या संशोधकांनी एकमेकांशी घासाघीस करणारे दोन संवादी कार्यक्रम तयार केले होते. पुस्तके, टोप्या आणि चेंडू ह्यांची वाटणी करायची, एवढाच त्यांचा विषय. व्यवहार पदरात पडला की गुण मिळत. भाषा शुद्ध ठेवल्याबद्दल मात्र वेगळे गुण नव्हते. परिणामी दोघेही ‘मला मला मला’ अशा धर्तीचे इंग्रजी बोलू लागले. ज्याने कधी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला ह्यात नवल वाटू नये. जेथे शब्दसंख्येला गुण आहेत आणि शुद्धलेखनाला नाहीत, तेथे भाषा कोणत्या दिशेने जाते हे आपल्याला पाठ आहे. संशोधकांना माणसांशी बोलणारा कार्यक्रम हवा होता, म्हणून त्यांनी नियम बदलले आणि काम पुढे चालू ठेवले. बातमीत मात्र ‘यंत्रांनी स्वतःची गुप्त भाषा निर्माण केली, घाबरलेल्या शास्त्रज्ञांनी यंत्रे बंद केली’ असे नाट्य जगभर फिरले, आणि आपल्याकडेही ते हौसेने रंगले. गुणदानाची योजना चुकीची आखली, एवढ्या मजकुरावर जगाचा अंत बेतणे हे प्रतिभेचे काम आहे हे कबूल केले पाहिजे. आपल्याकडच्या अनेक परीक्षांच्या गुणदान-योजनांवर अजून कोणी अशी कादंबरी लिहिलेली नाही.

न्यूट्रिनोंचेही तेच झाले. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा ह्या प्रयोगगटाने सांगितले की जिनिव्हाजवळच्या सर्नमधून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सोला अपेक्षेपेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचताना दिसत आहेत. आम्हाला ह्याचा उलगडा होत नाही, इतरांनी पडताळून पाहावे. हे एका नम्र माणसाचे वाक्य आहे. त्याचे ‘न्यूट्रिनोने आइन्स्टाइनला खोटे पाडले’ असे होण्यास एक रात्र पुरली. काही महिन्यांनी कळले की प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. पण ‘सैल केबलने वृत्तसंपादकांना खोटे पाडले’ असा मथळा काही आमच्या पाहण्यात आला नाही.

व्हिडिओ गेमच्या वाट्याला हा प्रत्यय जरा अधिक क्रूरपणे येतो. ‘एका गेमने कंपनी बुडवली’ ही १९८२ सालच्या ‘ई. टी.’ची कथा आता दंतकथेच्या पदाला पोहोचली आहे. स्पीलबर्गच्या चित्रपटावरचा गेम नाताळच्या बाजारात यायलाच हवा, म्हणून अटारी कंपनीने तो करण्यासाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ ह्याला सुमारे पाच आठवडे दिले. इतर गेमांना कित्येक महिने मिळत. त्याने केला. कंपनीने लक्षावधी कॅसेटी तयार केल्या (आपल्याकडे त्या चौकोनी डबीला पोरे कॅसेटच म्हणत, आम्हीही तेच म्हणणार). खप झाला नाही; माल १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा-डेपोत पुरला गेला. एप्रिल २०१४ मध्ये तो समारंभपूर्वक उकरण्यात आला, तेव्हा त्यात ‘ई. टी.’च्या जोडीला एरवी चांगले खपलेले गेमही निघाले. म्हणजे पुरला गेला तो कंपनीचा एकूण हिशेबच होता. परंतु पाच आठवड्यांची मुदत ठरवणारा, लाखोंच्या संख्येत उत्पादन करण्याच्या कागदावर सही करणारा असा कोणी ह्या कथेत येत नाही. गेमने बुडवली. बिचारा तो बुटका परग्रहवासी, ज्याला फक्त घरी जायचे होते.

येथपर्यंत हसता येते. २०१७ च्या ‘ब्लू व्हेल’पाशी ते थांबते.

त्या वर्षी जुलैच्या अखेरीस मुंबईतल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूची बातमी आली, आणि ‘गेमने घेतला बळी’ हे वाक्य देशभर पसरले. पाठोपाठ इतर राज्यांतल्या मृत्यूंवरही तोच शिक्का बसू लागला. ऑगस्टमध्ये केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने मोठमोठ्या संकेतस्थळांना ह्या गेमचे दुवे काढून टाकण्यास सांगितले. अडचण अशी होती की काढून टाकण्यासारखी वस्तूच नव्हती. मारिओ किंवा पबजी ज्या अर्थाने गेम आहेत त्या अर्थाने ‘ब्लू व्हेल’ कधीच गेम नव्हता. त्याची आज्ञावली नव्हती, पडदा नव्हता, उतरवून घेण्याची फाइल नव्हती. होती ती एक बातमी: मे २०१६ मध्ये ‘नोवाया गझेटा’ ह्या रशियन वृत्तपत्रात आलेली, तिथल्या समाजमाध्यमांवरच्या काही गटांबद्दलची. मुले गटांमुळे खचली, की खचलेली मुले अशा गटांकडे वळली, हा साधा प्रश्न त्या बातमीवर रशियातच विचारला गेला होता. आपल्याकडे पोहोचेपर्यंत प्रश्न गळाला आणि देवमासा तेवढा उरला. आमच्या महाविद्यालयाच्या फलकावरही ‘सदर गेम डाउनलोड करू नये’ अशी सूचना लागली होती. जे अस्तित्वात नाही ते न करण्याची सूचना पाळणे सोपे असते. ती शंभर टक्के पाळली गेली.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर ह्यांनी संसदेत उत्तर दिले. सरकारने नेमलेल्या समितीने संबंधित घटनांतला इंटरनेटचा वापर, उपकरणे, फोनच्या नोंदी तपासल्या होत्या, वाचलेल्यांशी बोलणे केले होते. एकाही घटनेत ह्या गेमचा सहभाग सिद्ध होऊ शकला नाही. हे उत्तर कोणत्या पानावर आले असेल ते वाचकांना सांगायला नको.

आमचा राग केवळ बातमी खोटी निघाली ह्यावर नाही. बातम्या खोट्या निघतात. एक मूल गेले की त्या मागे ‘कशामुळे?’ म्हणून एक रिकामी जागा उरते, आणि ती जागा फार मोलाची असते. ती रिकामी राहिली तर आई-वडील, शिक्षक, शेजारी, डॉक्टर, कोणीतरी तिथे डोकावते. मुलगा काही दिवसांपासून काय बोलत होता, काय बोलत नव्हता, हे आठवून बघते. शेजारच्या घरातल्या दुसऱ्या मुलाकडे जरा निरखून पाहते. ‘गेमने’ हा शब्द त्या जागेत बसला की डोकावण्याची गरज संपते. त्या काही महिन्यांत घरोघरी पालक मुलांच्या फोनमध्ये एक देवमासा शोधत होते. तो सापडला नाही म्हणजे आपले मूल सुखरूप आहे असे त्यांना वाटले. ह्या समजुतीची किंमत कोणी कशी मोजायची? आणि हे सारे घडले ते ज्या वाक्यामुळे, त्याचा प्रयोग ओळखा म्हणून आपण दरवर्षी दोन गुणांना विचारतो.

आमच्या सहकाऱ्यांचा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे, कारण तो आम्ही स्टाफरूममध्ये पुष्कळदा ऐकला आहे. ‘ही तर साधी चेतनगुणोक्ती आहे. पाऊस रुसतो, वारा गातो, तसा संगणक विचार करतो. अलंकाराला तुम्ही न्यायालयात खेचणार का?’ आक्षेप देखणा आहे, पण टिकत नाही. पाऊस रुसला असे म्हणणाऱ्या कवीला पावसाला मन नाही हे माहीत असते, वाचकाला माहीत असते, आणि कवीला माहीत आहे हेही वाचकाला माहीत असते. ह्या तिहेरी जाणिवेवर अलंकार उभा असतो. मथळ्यात ती जाणीव मोडलेली असते. लिहिणारा डोळा मारतो आणि वाचणारा हात जोडतो. जी चेतनगुणोक्ती आहे हे वाचकाला कळू द्यायचे नसते तिला अलंकारशास्त्रात नाव नाही. बाजारात आहे.

आणि यंत्रावर मन लादण्याची माणसाची हौस किती दांडगी आहे, ह्याचा धडा साहित्याच्याच दारातून आलेला आहे. १९६६ साली एमआयटीतल्या जोसेफ वायझेनबाउम ह्यांनी आपण टंकलेल्या वाक्याचाच उलटा प्रश्न करून विचारणारा एक छोटासा कार्यक्रम केला. त्याला त्यांनी शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या नायिकेचे नाव दिले: एलायझा. म्हणजे मराठी नात्याने ही पु. लं.च्या ‘ती फुलराणी’तल्या मंजुळेची सख्खी बहीण. वायझेनबाउम ह्यांनी पुढे सांगितले की त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीने, जिने तो कार्यक्रम तयार होताना पाहिला होता तिने, एलायझाशी थोडे बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले. ही हकीकत त्यांना गमतीची वाटली नाही. १९७६ साली त्यांनी ह्या प्रवृत्तीविरुद्ध एक अख्खा ग्रंथ लिहिला. मंजुळेचे नाटक आपण रंगभूमीच्या इतिहासात शिकवतो, बोलीभाषेच्या तासाला शिकवतो. तिच्या ह्या यांत्रिक बहिणीची ओळख करून देताना मात्र आपल्याला ‘हा आपला प्रांत नव्हे’ असे वाटते. मग कोणाचा? बोलायला शिकवलेल्या मुलीत बोलणे कोणाचे आणि शिकवणाऱ्याचे किती, हाच तर त्या नाटकाचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘दुष्काळाने बळी घेतले’, ‘साथीने गाव ओस पडले’ ही भाषा जुनी आहे, तिला आज का झोडपता? जुनी आहे, हे खरे. पण जुनी आहे म्हणून निरागस आहे असे नव्हे. ‘खड्ड्याने घेतला तरुणाचा बळी’ हा मथळा दर पावसाळ्यात आपण वाचतो. खड्डा जणू जंगलातून रात्री उतरला आणि रस्त्यावर दबा धरून बसला. रस्ता कोणी बांधला, देयक कोणी मंजूर केले, डांबर कुठे गेले ही सारी माणसे त्या एका ‘ने’च्या आड छत्री उघडून उभी असतात. तंत्रज्ञानाच्या पानाने ही लकब शोधून काढली नाही; तिला फक्त इंग्रजी कपडे आणि जागतिक बाजारपेठ मिळवून दिली.

त्या बाजारपेठेत ह्या प्रत्ययाला रोख भाव आहे. कौतुक करायचे असेल तेव्हा यंत्र कर्ता, अपराध निघाला तरीही यंत्रच कर्ता. फक्त नफा वाटायच्या वेळी ते निमूटपणे करण होते आणि मालक पुढे येतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला एक निवाडा ह्या दृष्टीने आम्ही व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकात घालू. आजी वारलेल्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने सांगितले की तिकिटातली सवलत प्रवासानंतरही मागता येईल. तसा नियम नव्हता. कंपनीच्या बचावाचा एक सूर असा की चॅटबॉट ही स्वतंत्र हस्ती आहे, आपल्या बोलण्याला ती स्वतः जबाबदार. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने हा युक्तिवाद अमान्य केला: संकेतस्थळ तुमचे, त्यावर जे काही सांगितले जाते ते तुम्ही सांगितले. थोडक्यात, ‘चॅटबॉटने’ मधली तृतीया करणाची आहे, कर्ता अध्याहृत आहे आणि त्याचे नाव एअर कॅनडा आहे. आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात हे उत्तर लिहिणाऱ्याला आम्ही पूर्ण गुण दिले असते.

इंग्लंडातल्या टपाल खात्याची कथा मात्र अशी सुखान्त नाही. तिथे ‘होरायझन’ ही फुजित्सूची हिशेबप्रणाली बसवल्यानंतर छोट्या टपाल-दुकानांच्या चालकांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ‘संगणकाने तूट दाखवली’ एवढे वाक्य पुरले. १९९९ ते २०१५ ह्या काळात ९०० हून अधिक लोक चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली. कायद्याचे गृहीतकच असे होते की उलट पुरावा येत नाही तोवर संगणक बरोबर चालतो आहे असे समजावे. आणि उलट पुरावा ज्यांच्या ताब्यात, तेच फिर्यादी. ह्या संगणकाच्या आत दूर कार्यालयातल्या माणसांचे हात पोहोचत होते, दुकानांच्या हिशेबात तिथून बदल करता येत होते, हे कबूल व्हायला वर्षे लागली. प्रणालीत दोष होते हे उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये स्पष्ट सांगितले. तरीही सरसकट शिक्षा रद्द करणारा कायदा झाला तो मे २०२४ मध्ये, आणि त्याआधी काय घडले? जानेवारी २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवर चार भागांची एक नाट्यमालिका लागली. बातम्या वीस वर्षे ‘प्रणालीने’, ‘संगणकाने’ म्हणत होत्या. नाटकाला ती सोय नसते. रंगमंचावर कोणीतरी माणूस यावा लागतो आणि त्याला ‘हे मी केले’ किंवा ‘हे मी केले नाही’ असे म्हणावे लागते. कर्ता गाळण्याची मुभा नाटककाराला नाही. साहित्याचा ह्या पानाशी संबंध काय, असे विचारणाऱ्या सहकाऱ्यांनी ह्या दोन तारखांच्या मधल्या काही महिन्यांवर एखादा शोधनिबंध लिहून पाहावा.

आपल्या अभ्यासक्रमात ह्याला जागा नाही असे नव्हे. उपयोजित मराठीच्या नावाखाली आपण बातमीलेखन शिकवतोच. त्यात ‘मथळा थोडक्यात व आकर्षक असावा’ हे वाक्य वर्षानुवर्षे टिपणवह्यांमधून वाहत आले आहे. थोडक्यात व आकर्षक मथळा करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कर्ता गाळणे आणि करणाला त्याच्या खुर्चीत बसवणे. म्हणजे ज्या आजाराबद्दल आम्ही ओरडत आहोत त्याची लस नव्हे, लागणच आपण देत आहोत. त्यातच नोव्हेंबर २०२२ अखेर चॅटजीपीटी आले, आणि ‘हा निबंध कोणी लिहिला?’ ह्या प्रश्नाला ‘सर, चॅटजीपीटीने’ असे उत्तर येऊ लागले. विद्यार्थी लबाड झाले म्हणून विभागाच्या बैठकांमध्ये उसासे निघाले. आम्हाला मात्र त्या उत्तरात वर्तमानपत्राचे पान स्वच्छ ऐकू येते. ह्या मुलांना आयुष्यभर ‘यंत्राने केले’ हेच वाक्य वाचायला मिळाले आहे. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी तेच वापरले.

म्हणून अंतर्गत परीक्षेत आम्ही एक प्रश्न घातला. वेगवेगळ्या धाटणीचे पाच मथळे द्यायचे. प्रत्येकातल्या ‘ने’चा कारकार्थ सांगायचा, वाक्य वर्तमानकाळात नेऊन पाहायचे आणि गाळलेला कर्ता शोधून त्याला वाक्यात परत आणायचे. उत्तरे वाचण्यासारखी आली. खड्ड्याच्या मथळ्यावर एका विद्यार्थिनीने लिहिले की बातमी शेवटपर्यंत वाचली, कर्ता सापडला नाही, सबब तिने महापालिकेच्या निविदांची यादी जोडली आहे. ‘चॅटजीपीटीने निबंध लिहिला’ ह्याखाली एकाने लिहिले, ‘कर्ता: मी. करण: चॅटजीपीटी. गुण कर्त्यास द्यावेत.’ आम्ही दहापैकी सात दिले.

हा प्रश्नप्रकार मूळ अभ्यासक्रमात घ्यावा असे पत्र आम्ही अभ्यासमंडळाला पाठवले, सोबत नमुना उत्तरेही जोडली. दीड महिन्याने उत्तर आले: ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.’ कोणी घेतली, ते पत्रात नाही.